युद्ध कायमचं बंद? ‘वर्ल्ड बियॉन्ड वॉर’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वर्ल्ड बियॉन्ड वॉर’ या चळवळीबद्दल मराठी माणसांसमोर बोलायला उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला पाकिस्तान निघतो, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी ‘तुम्हाला पैसे कोण देतं?’ म्हणून विचारतं. प्रश्न रास्तच आहेत. ते जसे कानावर येतात तसेच खाली घेतलेत. हे संस्थेचं अधिकृत पान नाही. माहिती संस्थेची आणि इतिहासाची, मतं लिहिणाऱ्याची.

ही संस्था कुणी काढली?

डेव्हिड स्वॉन्सन आणि डेव्हिड हार्टसो या दोन अमेरिकनांनी, २०१४च्या जानेवारीत. स्वॉन्सन लेखक-पत्रकार. २००४मध्ये डेनिस कुसिनिच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले तेव्हा ते त्यांचे प्रसिद्धी सचिव होते. हार्टसो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, म्हणजे घरातूनच शस्त्राला नकार. १९६०मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर एका ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले होते. मागून एक माणूस आला, सुरा काढला आणि म्हणाला, दोन सेकंदांत इथून उठला नाहीस तर हा छातीत खुपसतो. वीस वर्षांच्या हार्टसोंनी त्याच्याकडे वळून सांगितलं, तुला योग्य वाटेल ते कर, मी तरीही तुझ्यावर प्रेम करायचा प्रयत्न करीन. त्या माणसाचा हात खाली आला आणि तो निघून गेला.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हे हार्टसोंनाही चांगलं ठाऊक होतं. पण संस्थेची जात कुठली ते या प्रसंगावरून कळतं.

संस्थेचा पाया एका छोट्या प्रतिज्ञापत्रावर आहे. युद्ध आणि युद्धाची तयारी आपल्याला सुरक्षित करत नाही, उलट धोक्यात घालते, आणि ती संपवण्यासाठी मी अहिंसक मार्गाने काम करीन, असा त्याचा आशय. १९०हून जास्त देशांतल्या लोकांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

शांतता तर सगळ्यांनाच हवी असते. यांचं वेगळं काय?

बहुतेक शांतता आंदोलनं एखाद्या ठरावीक युद्धाविरुद्ध उभी राहतात. व्हिएतनाम संपलं, आंदोलन संपलं. इराकचं तेच. ही मंडळी युद्ध नावाची व्यवस्थाच मोडीत काढायची म्हणतात. म्हणजे लढाईबरोबर तिची तयारीही आली: परदेशातले तळ, शस्त्रांचा व्यापार, शाळेतली लष्करी भरती.

हे अशक्य वाटतं, मान्य. पण सती १८२९पर्यंत कायदेशीर होती आणि तिच्या बाजूने बोलणारे लोक अडाणी नव्हते. ‘आमची परंपरा आहे, मानवी स्वभाव आहे’ हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता.

कायद्याचं म्हणाल तर युद्ध आधीच बेकायदेशीर आहे. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियाँ करार झाला. राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग, असं त्यात लिहिलेलं आहे. सुरुवातीला सह्या करणाऱ्या पंधरांत भारताचंही नाव आहे, अर्थात सही ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालची. तो करार आजही रद्द झालेला नाही. स्वॉन्सन या कराराचा फार आधार घेतात. मला तो थोडा जास्तच वाटतो, कारण सह्यांनंतर अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. मात्र त्या युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत नाझी नेत्यांवर ‘आक्रमक युद्ध पुकारल्याचा’ गुन्हा लावता आला तो याच कराराच्या बळावर, हेही तितकंच खरं.

पाकिस्तान आणि चीन शेजारी असताना हे बोलणं परवडतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की आपण उद्या सकाळी सीमेवरच्या चौक्या रिकाम्या करा म्हणतोय. तसं कुणीच म्हणत नाही. संस्थेच्या मांडणीत तीन कामं एकत्र चालायची आहेत: सुरक्षेतला लष्कराचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करणं, भांडणं हिंसेवाचून सोडवायच्या यंत्रणा उभ्या करणं, आणि शांततेची संस्कृती रुजवणं. एकतर्फी शस्त्रं टाकणं त्यात नाही.

आणि आपल्याकडे अशा यंत्रणा अजिबात नाहीत, असंही नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत-पाकिस्ताननी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी दुसऱ्याच्या हातात देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झालं, यादी दिली गेलीच. २००८च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या याद्याही दिल्या जातात. २०२५च्या मे महिन्यात क्षेपणास्त्रं उडाली आणि १ जुलैला याद्यांची देवाणघेवाण झाली.

या कैद्यांत मच्छीमार मोठ्या संख्येने असतात. पालघर-डहाणूकडचे खलाशी हंगामात गुजरातच्या बोटींवर जातात, सर खाडीच्या बाजूला समुद्रात रेघ मारलेली नसते, जाळं ओढता ओढता बोट पलीकडे जाते आणि माणसं पकडली जातात. घरात कमावता माणूस एकच, तो कराचीच्या तुरुंगात. बायकोच्या हातात त्याच्या नावाची काही खूण येते ती बऱ्याचदा अशा यादीतूनच. सोडवणूक होते तीही दोन्हीकडचे पत्रकार, वकील आणि मच्छीमार संघटना एकमेकांशी बोलत राहतात म्हणून. यात पराक्रम कुठेच नाही. सगळा कागदपत्रांचा, फोनचा आणि चिवटपणाचा मामला.

उलट बाजूही सांगायला हवी. १९६०चा सिंधू पाणीवाटप करार तीन युद्धांत टिकला आणि २०२५च्या एप्रिलमध्ये स्थगित झाला. करार आपोआप जगत नाहीत.

शिवाजी महाराजांच्या महाराष्ट्रात हे कोण ऐकणार?

महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र काढून वाचा. त्यात शत्रूबद्दल कमी आणि आपल्याच लष्कराबद्दल जास्त आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील; मग कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी घ्यायला जाल; रयत म्हणेल, यापेक्षा मोगल आले ते बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथवर बारकाई आहे.

लढाईची झळ कुणब्याला लागू नये म्हणून राजा उंदराचाही विचार करतो. आजच्या युद्धात हे पथ्य पाळणं कुणाच्याही हातात उरलेलं नाही. गाझात किंवा सुदानमध्ये कुठला सेनापती उंदराचा विचार करतोय? सतराव्या शतकातल्या पराक्रमावर निकाल द्यायचं कारणच नाही. प्रश्न एकविसाव्या शतकातल्या दारूगोळ्याचा आहे.

आणि गीता? तिथे तर देवच युद्ध कर म्हणतो.

मूळच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गीता त्यांच्याइतकी पचवलेला माणूस शोधून सापडणार नाही. त्याच विनोबांनी १९५७मध्ये नि:शस्त्र स्वयंसेवकांची शांतिसेना स्थापन केली, आणि त्याच सुमारास ‘जय जगत्’ म्हणायला सुरुवात केली. बाकी वाद घालणाऱ्यांनी घालावा.

हिटलरचं काय? एकाहत्तरचं काय?

परदेशात पहिला प्रश्न विचारतात, आपल्याकडे दुसरा. युद्धविरोधकांना सर्वांत जड जाणारी जागा हीच आणि मला वाटतं ती जडच राहू द्यावी. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. ‘चर्चा करा’ एवढं सांगून भागत नव्हतं.

तरी दोन गोष्टी. पहिली, गोष्ट डिसेंबर १९७१ला सुरू होत नाही. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व बंगालमधल्या अवामी लीग पक्षाला पाकिस्तानच्या संसदेत स्पष्ट बहुमत मिळालं आणि लष्करशहांनी सत्ता दिली नाही. त्या लष्कराला शस्त्रं अमेरिकेची होती. ढाक्यातले अमेरिकेचे स्वतःचे कौन्सुल जनरल आर्चर ब्लड तारा करून ‘हे थांबवा’ सांगत होते, वॉशिंग्टन ऐकत नव्हतं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. जुलै १९७१मध्ये ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी मालवाहू जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात येत होतं. क्वेकरांच्या पुढाकाराने काही माणसं वल्ह्याच्या छोट्या होड्या घेऊन त्या अजस्र जहाजाच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पोलिसांनी त्यांना पाण्यातून उचलून अटक केली. होड्यांनी जहाज अडलं नाही. पण बातमी झाली, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला.

एवढ्याने नरसंहार थांबला असता का? नाही. शस्त्रं वर्षानुवर्षं जाऊ दिली आणि होड्या शेवटच्या घटकेला निघाल्या. संस्थेचं म्हणणं एवढंच की होड्या वीस वर्षं आधी निघायला हव्यात. ते मला पटतं. तरीही डिसेंबर १९७१मध्ये दिल्लीत बसलेल्याने काय करायचं होतं, याचं समाधानकारक उत्तर मी त्यांच्या लिखाणात वाचलेलं नाही.

बरं, युद्ध नको. मग त्याऐवजी काय?

इथे उदाहरणं भरपूर आहेत. एकच नीट सांगतो.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला बूगनव्हिल नावाचं बेट आहे. पांगुना इथल्या प्रचंड तांब्याच्या खाणीने नद्या नासल्या, जमिनी गेल्या, पैसा बाहेर गेला. १९८८मध्ये स्थानिकांनी उठाव केला. जवळपास दहा वर्षं यादवी चालली आणि हजारो माणसं मेली. तह करायचे प्रयत्न एकामागून एक फसले. १९९७मध्ये न्यूझीलंडच्या नेतृत्वाखाली निरीक्षकांचं पथक आलं. त्यांनी एक विचित्र निर्णय घेतला: शस्त्रं न्यायची नाहीत. सैनिक होते, पण बंदुकांऐवजी गिटार घेऊन. पथकात बायका होत्या, न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी होते. गावात शिरताना ते माओरी रिवाजाने, गाणी म्हणत, यजमानांची परवानगी घेत शिरत. बूगनव्हिलमध्ये जमीन बऱ्याच ठिकाणी आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे गावच्या बायकांशी बोलल्याशिवाय तह टिकणार नव्हता, आणि बायका बोलणार होत्या त्या बायकांशीच. ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याला घाबरून गोळी घालायचं कुणाला कारण उरलं नाही. शस्त्रसंधी टिकली, २००१मध्ये शांतता करार झाला, २०१९च्या सार्वमतात जवळजवळ ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं.

या धर्तीवर कायमस्वरूपी काम करणारी ‘नॉनव्हायलंट पीसफोर्स’ ही संघटना उभी करण्यात हेच हार्टसो होते. तिची स्थापना परिषद २००२मध्ये दिल्लीजवळ सूरजकुंडला झाली. शांतिसेनेची मूळ कल्पना गांधीजींची, म्हणून मुद्दाम भारत निवडला. तिचे प्रशिक्षित, नि:शस्त्र कार्यकर्ते पहिल्यांदा श्रीलंकेत गेले, नंतर दक्षिण सुदान, फिलिपिन्स अशा ठिकाणी. काम काय, तर धोक्यात असलेल्या माणसांबरोबर चालायचं. जळण आणायला निघालेल्या बायकांबरोबर परक्या देशाची दोन माणसं असली की हल्लेखोर विचार करतो.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या लढ्यांचा हिशेब मांडला. अहिंसक लढे ५३ टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र २६ टक्के. अर्थात हे बहुतेक देशांतर्गत राजवटींविरुद्धचे लढे. परक्या सैन्याच्या आक्रमणाला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. आमचे काही उत्साही मित्र लावतात.

हा आपल्या जवानांचा अपमान नाही का?

अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांना विचारता आलं असतं, पण ते मार्च २०२४मध्ये गेले. १९७१च्या युद्धात ‘आयएनएस ब्यास’चे कप्तान, वीरचक्र विजेते, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती केली आणि उरलेलं आयुष्य अण्वस्त्रविरोध आणि भारत-पाक मैत्रीसाठी घातलं. पाकिस्तानचे आय. ए. रहमान आणि ते, अशा दोघांना मिळून २००४चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्यांची छाती किती इंच असते, देव जाणे.

‘वर्ल्ड बियॉन्ड वॉर’मध्येही हेच दिसतं. तिच्या अध्यक्ष म्हणून बरीच वर्षं काम केलेल्या लीआ बोल्जर अमेरिकी नौदलात वीस वर्षं नोकरी करून कमांडर म्हणून निवृत्त झालेल्या. सल्लागारांतल्या अ‍ॅन राइट सैन्यात कर्नल होत्या, मग राजनैतिक सेवेत गेल्या आणि २००३मध्ये इराक युद्धाच्या निषेधार्थ राजीनामा दिला.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात घरटी माणूस फौजेत असतो. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्तंभ तिथे उभा आहे. ती लढाई कुणाची होती, कशासाठी होती, हे त्या स्तंभापाशी उभं राहून विचारण्यात त्या माणसांचा अपमान कसा होतो, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दारूगोळा कारखाने बंद पडले तर कामगारांनी खायचं काय?

खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, भद्रावती. महाराष्ट्रात हा प्रश्न तात्त्विक नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पगाराचा आहे. आणि जिवाचाही: २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगार गेले.

याचं आजवरचं उत्तम उत्तर कामगारांनीच दिलंय. ब्रिटनमध्ये ‘लुकास एरोस्पेस’ लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवायची. सत्तरच्या दशकात नोकरकपात येणार असं दिसल्यावर तिथल्या कामगार प्रतिनिधींनी कारखान्या-कारखान्यांत जाऊन विचारलं: आपल्या हातात हे कसब आहे, ही यंत्रं आहेत, यातून लोकांच्या उपयोगाचं काय बनेल? १९७६मध्ये त्यांनी सुमारे दीडशे वस्तूंचा आराखडा मांडला. हीट पंप, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिसची यंत्रं, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी बस, पेट्रोल-विजेवर चालणारी गाडी. व्यवस्थापनाने तो फेटाळला. आज हीट पंप आणि हायब्रिड गाड्यांवर कोण पैसा करतंय ते पाहा.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०११मध्ये अमेरिकेपुरता हिशेब केला होता: एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार, शिक्षणावर केले तर २६,७००. खडकीच्या फिटरला उद्या मास्तर करता येत नाही, हे उघड आहे. त्यामुळे बदलाचा आराखडा आधी, कुलूप नंतर, हा क्रम सोडून चालणार नाही.

जगाचा लष्करी खर्च किती?

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या शांतता संशोधन संस्थेनुसार २०२४मध्ये २,७१८ अब्ज डॉलर. अमेरिका ९९७ अब्ज. भारत ८६.१ अब्ज, जगात पाचवा. संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या शांतिसेना मोहिमांचं वर्षाचं अंदाजपत्रक साडेपाच अब्जांच्या आसपास.

आजवर काही मिळवलंय का, की नुसत्याच सह्या?

मोठ्या युद्धापुरतं विचाराल तर एकही थांबवलेलं नाही. छोट्या जागी पाहा.

माँटेनेग्रोमध्ये सिन्याएविना हे बाल्कनमधलं सर्वांत मोठं डोंगरी कुरण आहे. उन्हाळ्यात गुराखी कुटुंबं गाईमेंढ्या घेऊन वर येतात, लाकडी झोपड्यांच्या वस्त्यांत राहतात, चीज बनवतात. आपल्या धनगरवाड्यांची आठवण यावी असं. २०१९मध्ये सरकारने तिथे लष्करी सराव क्षेत्र घोषित केलं. ऑक्टोबर २०२०मध्ये तोफांचा सराव ठरला तेव्हा सुमारे दीडशे माणसं कुरणावर जाऊन बसली आणि गोठवणाऱ्या थंडीत ५१ दिवस तळ ठोकून राहिली. सराव झाला नाही. ‘वर्ल्ड बियॉन्ड वॉर’ने हा लढा जगभर पोचवला आणि २०२१मध्ये आपला युद्धनिर्मूलक पुरस्कार त्यांना दिला.

दुसरं, शस्त्रकंपन्यांतला सार्वजनिक पैसा काढून घेणं. स्वॉन्सन ज्या गावात राहतात त्या शार्लट्सव्हिलच्या नगर परिषदेने २०१९मध्ये शस्त्रं आणि खनिज इंधनांतली आपली गुंतवणूक काढायचा ठराव केला. रक्कम मोठी नव्हती, पण ठरावाचा मसुदा आता इतर गावं उतरवून घेतात.

सैन्यच नसलेला देश हवा असेल तर कोस्टा रिका. १ डिसेंबर १९४८ला होसे फिगेरेस यांनी बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर घण घातला आणि सैन्य बरखास्त केलं. त्या छावणीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथलं सगळं गोडच आहे असं नाही, आणि १९५५मध्ये निकाराग्वातून घुसखोरी झाली तेव्हा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची मदत लागली. पण देश जागेवर आहे.

पर्यावरणाशी याचा काय संबंध?

२०२२च्या एका अंदाजानुसार जगाच्या कर्बउत्सर्जनात सैन्यांचा वाटा साडेपाच टक्क्यांच्या घरात आहे, आणि पॅरिसच्या हवामान करारात त्याची नोंद देणं ऐच्छिक आहे.

तुम्हाला पैसे कोण देतं? तुम्ही रशियाचे का?

‘वर्ल्ड बियॉन्ड वॉर’ अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था आहे, लोकांच्या देणग्यांवर चालते. मला कुणीच देत नाही, ही माझी तक्रारही आहे.

रशियाचं म्हणाल तर संस्थेने युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध केला आणि नाटोच्या शस्त्रपुरवठ्यालाही विरोध केला. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. संचालक मंडळावरचे युरी शेलियाझेन्को कीव्हमध्ये राहून सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करतात. रशियन आक्रमणाचं समर्थन केल्याचा आरोप ठेवून २०२३मध्ये त्यांच्याच देशाच्या यंत्रणेने त्यांच्या घरावर छापा घातला. मला संस्थेची युक्रेनवरची काही निवेदनं एकांगी वाटतात, अमेरिकेला झोडपताना मॉस्कोला थोडं स्वस्तात सोडणारी. सदस्यांतही यावर वाद झडतात.

सही करायची नाही, पण काहीतरी करायचंय. आठवड्यातले दोन तास आहेत.

आपला भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड कुठल्या कंपन्यांत आहे ते पाहा. फंडाच्या मासिक तपशीलपत्रात यादी असते. मुलांच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंना विचारा, लढायांच्या सनावळीबरोबर तहांनाही एखादा तास मिळतो का. वर्ध्याच्या बाजूला गेलात तर सेवाग्राम आणि पवनार दोन्ही पाहा. पवनारला आश्रमातल्या बहिणींशी बोलायला वेळ ठेवा, त्या बोलतात मोकळेपणाने, फक्त दुपारच्या विश्रांतीच्या वेळी जाऊ नका. गट काढायचा असेल तर पाच-सहा माणसं पुरतात, संस्थेला कळवलं की त्यांच्या शाखा पाहणारे लोक पुढचं सांगतात. आणि मच्छीमार कैद्यांच्या कामाला मराठी, गुजराती, उर्दू लिहिता-वाचता येणारी माणसं कायम हवी असतात. घरच्यांचे अर्ज लिहायचे असतात, मंत्रालयाकडे पाठपुरावा करायचा असतो. हे काम दोन तासांत बसतं.